कार्यशाळेनंतर काय? आरोग्य-संशोधकांच्या प्रशिक्षणाचा आढावा

महाराष्ट्रातल्या कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाचे वर्षभराचे वेळापत्रक पाहिले, तर त्यात संशोधनपद्धतीची निदान एक तरी कार्यशाळा असते. दोन किंवा तीन दिवसांत संशोधनप्रश्न कसा मांडावा, अभ्यासाचा आराखडा कसा निवडावा, सॅम्पल साइज कसा काढावा, पी-व्हॅल्यूचा अर्थ काय, एथिक्स कमिटीकडे प्रस्ताव कसा पाठवावा आणि शोधनिबंध कसा लिहावा, असे सगळे विषय घेतले जातात. सुरुवातीला प्री-टेस्ट, शेवटी पोस्ट-टेस्ट, मग प्रमाणपत्रे आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे क्रेडिट पॉइंट. या कार्यशाळा भरवणारे अध्यापक बहुधा तळमळीने, स्वतःचा वेळ खर्चून शिकवतात. त्यामुळे प्रश्न त्यांच्या निष्ठेचा नाही. प्रश्न असा आहे की या प्रशिक्षणातून चांगले संशोधन घडते का, आणि घडत नसेल तर कुठे अडते. गेल्या दोन-तीन दशकांत जगभर आणि भारतातही याविषयी बराच पुरावा जमा झाला आहे. तो एकत्र पाहिला की एक निष्कर्ष ठळकपणे पुढे येतो. सुटी, अल्पमुदतीची कार्यशाळा माहिती वाढवते, पण संशोधन घडवत नाही. प्रत्यक्ष हातात घेतलेल्या कामाला बांधलेले आणि ते काम तडीस जाईपर्यंत सोबत करणारे प्रशिक्षण मात्र ते घडवते. म्हणून आपल्याकडचा पैसा, वेळ आणि नियमांचा जोर पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्याकडे वळवायला हवा.

आपण इथवर कसे आलो, ते आधी पाहू. भारतीय वैद्यक परिषदेने 2009 पासून अध्यापकांच्या बढतीची सांगड शोधनिबंधांशी घातली. हेतू चांगला होता, पण बहुसंख्य महाविद्यालयांत संशोधनाची परंपराच नव्हती. 2016 मध्ये रे, शाह आणि नंदी यांनी 579 भारतीय वैद्यकीय संस्थांच्या 2005 ते 2014 या दशकातल्या संशोधनाची मोजदाद प्रसिद्ध केली. त्यातल्या 332 संस्थांमधून, म्हणजे 57 टक्क्यांहून अधिक ठिकाणांहून, दहा वर्षांत एकही शोधनिबंध आलेला नव्हता. उलट अवघ्या 25 संस्थांनी एकूण निबंधांपैकी सुमारे 40 टक्के लिहिले होते. या दरीवर उपाय म्हणून प्रशिक्षण सक्तीचे झाले. 2019-20 च्या तुकडीपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन पायाभूत अभ्यासक्रम बंधनकारक करण्यात आला, आणि पुढे अध्यापकांच्या पात्रतेतही त्याचा समावेश झाला. नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायलसंबंधीच्या 2019 च्या नियमांनी एथिक्स कमिटीच्या सदस्यांनाही प्रशिक्षण आवश्यक ठरवले. थोडक्यात, दहा-बारा वर्षांत प्रशिक्षण ऐच्छिक न राहता नियमाचा भाग बनले. पण नियमाला मोजता येईल असे काहीतरी लागते, आणि सर्वांत सोपे मोजमाप म्हणजे प्रमाणपत्र. ते मिळाले की नियम पूर्ण होतो, मग संशोधन होवो अथवा न होवो.

बढतीसाठीच्या शोधनिबंधांच्या सक्तीची दुसरी बाजूही नोंदवली गेली आहे. पैसे घेऊन, तज्ज्ञांकडून तपासून न घेताच निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा अभ्यास करून कॅनडातल्या डेव्हिड मोहर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांनी तपासलेल्या सुमारे 1900 जैववैद्यकीय निबंधांपैकी 27 टक्के निबंधांचे संपर्क-लेखक भारतातले होते, आणि हा वाटा सर्व देशांत सर्वाधिक होता. या निबंधांसाठीही माणसांची आणि प्राण्यांची माहिती गोळा केलेली होती. रुग्णांनी संमती दिली होती, रक्त दिले होते, प्रश्नांची उत्तरे दिली होती. डग्लस ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञाने 1994 मध्येच निकृष्ट वैद्यकीय संशोधनाला लाजिरवाणी गोष्ट म्हटले होते. कमी संशोधन करा, पण ते चांगले करा आणि योग्य कारणासाठी करा, असे त्याचे सांगणे होते. इयान चाल्मर्स आणि पॉल ग्लासिऊ यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हिशोब मांडला, की चुकीचा प्रश्न, सदोष आराखडा, निष्कर्ष प्रसिद्धच न होणे आणि अपुरे लेखन या चार गळत्यांमुळे वैद्यकीय संशोधनावरची सुमारे 85 टक्के गुंतवणूक वाया जाते. या चारही गळत्या थांबवणे हेच संशोधकाच्या प्रशिक्षणाचे खरे काम आहे. त्यामुळे कार्यशाळेच्या यशाचे मोजमाप पोस्ट-टेस्टच्या गुणांत शोधणे अपुरे ठरते.

आता पुरावा पाहू. 2004 मध्ये कूमारसामी आणि खान यांनी पुराव्याधारित वैद्यक शिकवण्याविषयीचे 23 अभ्यास तपासून 'बीएमजे'मध्ये आढावा घेतला. वर्गात स्वतंत्रपणे दिलेल्या शिक्षणाने डॉक्टरांचे ज्ञान वाढले, पण कौशल्य, दृष्टिकोन आणि वागणूक यांत फरक पडला नाही. हेच शिक्षण वॉर्डातल्या रोजच्या कामात मिसळून दिले, तेव्हा चारही बाबतींत सुधारणा दिसली. आरोग्य-व्यावसायिकांसाठीच्या सभा आणि कार्यशाळांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेनचा आढावा 2009 मध्ये आला. 81 चाचण्यांच्या त्या आढाव्यात प्रत्यक्ष कामात झालेल्या सुधारणेचा मध्यक सहा टक्क्यांच्या आसपास होता, आणि नुसत्या व्याख्यानांपेक्षा व्याख्यान व सहभाग यांच्या मिश्रणाचा परिणाम अधिक होता. हा परिणाम शून्य नाही, पण कार्यशाळांकडून आपण ज्या अपेक्षा ठेवतो त्यांच्या मानाने फार लहान आहे. आणि हे दोन्ही आढावे मुख्यतः रुग्णसेवेशी निगडित शिक्षणाचे आहेत. थेट संशोधन-प्रशिक्षणाविषयीचा निष्कर्ष याहून कठोर आहे. डेव्हिड फेल्डन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 53 संस्थांमधल्या जीवशास्त्राच्या 294 पीएचडी विद्यार्थ्यांचा पाठपुरावा केला. सुरुवातीची 'बूट कॅम्प' पद्धतीची अल्पमुदतीची शिबिरे केलेले आणि न केलेले यांच्यात संशोधन-कौशल्य, लेखन किंवा प्रकाशने यांपैकी कशातही फरक आढळला नाही. हे विद्यार्थी समृद्ध प्रयोगशाळांतले, मार्गदर्शक हाताशी असलेले होते. तिथेही शिबिराचा परिणाम दिसला नसेल, तर रुग्णांच्या गर्दीत दिवस-रात्र काम करणाऱ्या आपल्या रेसिडेंटवर दोन दिवसांच्या कार्यशाळेचा टिकाऊ परिणाम होईल असे मानायला आधार राहत नाही.

असे का होते, याचे उत्तर संशोधनाच्या स्वरूपातच आहे. संशोधनातल्या अडचणी एका वेळी येत नाहीत. प्रश्न ठरवताना एक अडचण येते, आराखडा करताना दुसरी, एथिक्स कमिटीच्या शंकांना उत्तरे देताना तिसरी. सहा महिन्यांनी लक्षात येते की अपेक्षेइतके रुग्ण मिळत नाहीत. वर्षभराने माहितीच्या तक्त्यात रिकाम्या जागा दिसतात. दीड वर्षाने विश्लेषण चुकल्याचे कळते, आणि शेवटी लेखन पुढे सरकत नाही. कार्यशाळेत या सगळ्याची उत्तरे पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलेली असतात, पण ती हवी असतात तेव्हा सांगणारा जवळ नसतो. सर रोनाल्ड फिशर यांनी 1938 मध्ये पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेतल्या अध्यक्षीय भाषणात बजावले होते, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे शवविच्छेदन करायला सांगणे होय, तो फार तर मृत्यूचे कारण सांगू शकेल. भारताच्याच भूमीवर दिलेला तो इशारा आजही अनेक महाविद्यालयांत तंतोतंत लागू पडतो. स्टॅटिस्टिशियनशी पहिली गाठ पडते ती प्रबंध सादर करण्याच्या तोंडावर.

याउलट, यशस्वी प्रशिक्षणांचा अभ्यास केला की त्यांच्यात एक समान सूत्र आढळते. पॅरिसस्थित 'द युनियन' ही क्षयरोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्था आणि 'मेदसॅं सां फ्रोंतिएर' यांनी 2009 पासून व्यवहारोपयोगी संशोधनाचे अभ्यासक्रम घडवले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या उष्णकटिबंधीय रोग-संशोधन कार्यक्रमाने ते 'सॉर्ट-इट' या नावाने अनेक देशांत नेले. भारतातही क्षयरोग आणि इतर कार्यक्रमांतल्या डॉक्टरांनी ते केले आहेत. रचना साधी आणि कडक आहे. प्रत्येक तुकडी डझनभर लोकांची. सहभागी स्वतःच्या कार्यक्रमातला प्रश्न घेऊन येतो. पहिल्या टप्प्यात प्रोटोकॉल, दुसऱ्यात माहितीची नोंद आणि विश्लेषण, आणि काही महिन्यांच्या प्रत्यक्ष कामानंतर तिसऱ्या टप्प्यात निबंधलेखन होते. टप्पे चुकले तर पुढचा प्रवेश नाही, आणि तिसरा टप्पा संपल्यावर चार आठवड्यांत निबंध नियतकालिकाकडे पाठवावाच लागतो. दोन-तीन सहभागींमागे एक अनुभवी मार्गदर्शक असतो, आणि तो मधल्या महिन्यांतही हाकेच्या अंतरावर असतो. नंतर त्या संशोधनामुळे धोरणात किंवा कामाच्या पद्धतीत काही बदलले का, हेही विचारले जाते. अशा व्यवहारोपयोगी संशोधनाची ताकद भारताने पाहिली आहे. क्षयरुग्णांची मधुमेहासाठी तपासणी नेहमीच्या सरकारी केंद्रांवर करता येते का, हे 2012 मध्ये देशात ठिकठिकाणी करून पाहिले गेले, आणि ती तपासणी राष्ट्रीय धोरणाचा भाग बनली.

मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने 2015 मध्ये सुरू केलेली 'क्रेडो' कार्यशाळा हे आपल्याजवळचे उदाहरण. यात सहभागी होणारा तरुण कर्करोगतज्ज्ञ एक कल्पना घेऊन येतो, आणि सहा दिवस अनुभवी संशोधक व संख्याशास्त्रज्ञ यांच्यासोबत राहून त्या कल्पनेचा पूर्ण प्रोटोकॉल लिहून परत जातो. शिकवणे आहे, पण ते प्रोटोकॉलच्या गरजेपुरते. रोज लिहिलेले रोज तपासले जाते आणि दुसऱ्या दिवशी सुधारले जाते. याच केंद्रातून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी अशा प्रशिक्षणाची दिशा काय असावी हे दाखवते. डोके आणि मानेच्या प्रगत कर्करोगात निवोलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या सुमारे सहा टक्के, म्हणजे 20 मिलिग्रॅम, देऊन पाहिले. 151 रुग्णांच्या या चाचणीत एक वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रा परवडणारच नाही, अशा रुग्णांना रोज भेटणाऱ्या डॉक्टरांनाच हा प्रश्न सुचू शकतो. तो सुचल्यावर तपासून पाहण्याचे बळ देणे हे प्रशिक्षणाचे काम. चेन्नईच्या साथरोगशास्त्र संस्थेचा 2001 पासूनचा दोन वर्षांचा क्षेत्रीय साथरोग प्रशिक्षण कार्यक्रमही याच वाटेचा आहे. त्यात विद्यार्थी बहुतेक काळ आपल्या जिल्ह्यात साथींचा शोध घेत, मार्गदर्शकाच्या नजरेखाली शिकतात. या तिन्ही कार्यक्रमांत काही गोष्टी समान आहेत. प्रश्न शिकणाऱ्याचा स्वतःचा आहे, ठरलेल्या मुदतीत हाती काहीतरी तयार करून द्यायचे आहे, आणि शिकवणारा काम होईपर्यंत सोडून जात नाही.

यावर पहिला आणि रास्त आक्षेप निवडीचा आहे. सॉर्ट-इट किंवा क्रेडोमध्ये येणारे आधीच जिद्दी आणि निवडक असतात, त्यांना प्रशिक्षण मिळाले नसते तरी त्यांनी संशोधन केलेच असते. या आक्षेपात तथ्य आहे. अशा कार्यक्रमांची यादृच्छिक नियंत्रित तुलना फारशी झालेली नाही, आणि त्यांच्या यशातला काही वाटा निवडीचा असणारच. पण फेल्डन यांच्या अभ्यासातले पीएचडी विद्यार्थीही निवडकच होते, तरी सुट्या शिबिराने त्यांच्यात फरक पडला नाही. शिवाय कूमारसामी आणि खान यांच्या आढाव्यात कामात मिसळलेल्या शिक्षणाचा फायदा दाखवणाऱ्यांत यादृच्छिक चाचण्याही होत्या. निवड सगळ्या यशाचे श्रेय घेऊ शकत नाही. आणि समजा, जिद्दी माणसालाच याचा अधिक लाभ होतो. तरीही मर्यादित साधने जिथे फळ देतात तिथे लावणे सयुक्तिकच आहे.

दुसरा आक्षेप संख्येचा. 2014 मध्ये देशात 387 वैद्यकीय महाविद्यालये होती, दहा वर्षांत ती 700 च्या पुढे गेली, आणि पदव्युत्तर जागा 31 हजारांवरून 70 हजारांच्या वर पोहोचल्या. इतक्यांना मार्गदर्शक कुठून आणायचे? ऑनलाइन अभ्यासक्रम आणि मोठ्या कार्यशाळा यांना पर्याय काय? इथे दोन गरजा वेगळ्या करायला हव्यात. प्रत्येक डॉक्टरला शोधनिबंध वाचून त्याची पारख करता यायला हवी. ही साक्षरतेची गरज आहे, आणि तिच्यासाठी चेन्नईच्या संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम योग्य आहे. त्याची परीक्षा देखरेखीखाली होते, आशय प्रमाणित आहे, आणि तो गडचिरोलीतही मिळतो तसा मुंबईतही. तो असताना तीच व्याख्याने प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी पुन्हा भरवण्यात अर्थ नाही. दुसरी गरज संशोधन करणाऱ्याची. तिच्यासाठी नवीन काही उभारायच्या आधी आपल्याकडे असलेले वापरावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध करावाच लागतो. त्याचा सिनॉप्सिस, एथिक्स कमिटीची मंजुरी, माहिती-संकलन आणि लेखन हे सगळे टप्पे आधीच ठरलेले आहेत. सॉर्ट-इटची रचना जे कृत्रिमपणे घडवते, ते आपल्याकडे अनिवार्य नियमाने अस्तित्वात आहे. उणीव आहे ती त्या टप्प्यांवर सोबत असण्याची. म्हणून पहिल्या वर्षाच्या एका कार्यशाळेऐवजी तीन लहान सत्रे घ्यावीत. एक सिनॉप्सिस लिहिताना, दुसरे माहिती-संकलनाच्या मध्यावर, तिसरे विश्लेषण व लेखनाच्या वेळी. प्रत्येक वेळी समोर विद्यार्थ्याचे स्वतःचेच कागद असावेत.

यात खरी कळ गाइडची आहे. विद्यार्थी तीन वर्षांनी निघून जातो, गाइड तीस वर्षे राहतो. एका गाइडला नीट तयार केले, तर त्याच्या हाताखालून जाणाऱ्या साऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा लाभ होतो. तरीही आपल्या कार्यशाळांचा रोख प्रामुख्याने विद्यार्थ्यावर असतो. अध्यापकांसाठीचे सखोल, वर्षभर चालणारे प्रशिक्षण एका महाविद्यालयात दरवर्षी पाच-सहा जणांना जरी मिळाले, तरी दहा वर्षांत चित्र बदलेल. त्याच्या जोडीला विभागाने आपल्या भागातल्या एका-दोन महत्त्वाच्या प्रश्नांवर सलग काही वर्षे काम करायचे ठरवावे, आणि दरवर्षीचे प्रबंध त्या प्रश्नाचे एकेक अंग हाताळणारे असावेत. आज प्रत्येक प्रबंध पन्नास-साठ रुग्णांचा आणि सुटा असतो, त्यामुळे त्यातून ठोस उत्तर क्वचितच निघते. संशोधन ही मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेचीच मक्तेदारी आहे, हा समज तर महाराष्ट्रानेच खोटा ठरवला आहे. अभय आणि राणी बंग यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि गडचिरोलीत काम सुरू केले. ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांवरचा त्यांचा 1989 चा आणि घरोघरच्या नवजात बालसेवेवरचा 1999 चा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. घरोघरच्या सेवेने त्या गावांत नवजात-मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि पुढे ती कल्पना देशाच्या आरोग्य-कार्यक्रमात उतरली. पद्धतीचे पक्के शिक्षण आणि गावाशी दीर्घकाळचे नाते एकत्र आले, तर काय होते याचा हा पुरावा आहे.

तिसरा आक्षेप असा, की परिणाम मोजायचे म्हणजे पुन्हा निबंधच मोजणे, आणि त्यातून बनावट प्रकाशनांना आणखी खतपाणी मिळेल. ही भीती खरी आहे, म्हणूनच मोजायचे ते वेगळे हवे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, भारत, ही नोंदवही 2007 पासून सुरू आहे, 2009 पासून औषध-चाचण्यांची नोंद सक्तीची आहे, आणि एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. पदव्युत्तर प्रबंधातल्या चाचण्याही तिथे असतात. आधी ठरवलेला प्रश्न शेवटपर्यंत तोच राहिला का, ठरवल्याइतके रुग्ण घेतले का, निष्कर्ष, मग तो नकारात्मक का असेना, जाहीर झाला का, हे कुणीही तपासू शकतो. कार्यशाळेत तयार झालेल्या प्रस्तावांपैकी किती एथिक्स कमिटीतून गेले, किती पूर्ण झाले आणि किती सोडून दिले, हा हिशोब एका वर्षाने आणि तीन वर्षांनी द्यायचा. त्यासाठी प्रकाशनाची संख्या मोजायची गरजच नाही.

चौथा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा आहे, आणि तो सर्वांत जड आहे. बाह्यरुग्ण विभागात शेकडो रुग्ण, रात्रपाळ्या, परीक्षा आणि तपासण्या यांतून संशोधनाला वेळ उरत नाही. प्रशिक्षण कितीही चांगले असले, तरी वेळ राखून ठेवला नाही तर ते निष्फळ ठरते. पण हा आक्षेप सध्याच्या पद्धतीलाही तितकाच लागू पडतो. तीन दिवस शंभर माणसांना कामावरून काढून सभागृहात बसवण्याचा खर्च आपण आजही करतोच. तोच वेळ आठवड्यातल्या एका राखीव दुपारच्या रूपात निवडक संशोधकांना दिला, तर नवा बोजा पडत नाही. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने सरकारी महाविद्यालयांत बहुशाखीय संशोधन केंद्रे उभारायला सुरुवात केलीच आहे. प्रत्येक केंद्रात पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ आणि संशोधन-समन्वयक असला, तर तेच केंद्र वर्षभर चालणारी कार्यशाळा होऊ शकते. विद्यार्थ्यालाही लवकर हात द्यायला हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन शिष्यवृत्ती 1979 पासून चालते. तिच्यात विद्यार्थी दोन महिने स्वतःचा लहानसा अभ्यास करून त्याचा अहवाल देतो. कामातून शिकण्याचे हे तत्त्व आपल्याला नवे नाही.

एक बाजू या सगळ्या चर्चेत सहसा सुटते. आपल्याकडे 'संशोधक' म्हणजे डॉक्टर असे गृहीत धरले जाते, पण माहिती गोळा करतात परिचारिका, समाजसेवक, क्षेत्रीय कार्यकर्ते आणि आशा. संमतिपत्र मराठीत वाचून दाखवणारी, 'नाही म्हटले तरी उपचार थांबणार नाहीत' हे रुग्णाला पटवून देणारी व्यक्ती अनेकदा तीच असते. तिच्यासाठी कार्यशाळा दुर्मीळ असतात, आणि असल्या तरी इंग्रजी स्लाइड्सच्या असतात. मुलाखत कशी घ्यावी, उत्तर सुचवू नये, रिकामी जागा अंदाजाने भरू नये, गुप्तता कशी राखावी, हे मराठीत आणि प्रत्यक्ष सरावाने शिकवले पाहिजे. संख्याशास्त्र कितीही अचूक असले, तरी मूळ नोंद चुकीची असेल तर निष्कर्ष चुकणारच. संमती केवळ सहीपुरती घेतली असेल, तर संशोधन नैतिकदृष्ट्याही पोकळ ठरते. संशोधनाच्या दर्जाची सुरुवात या माणसांपासून होते, म्हणून प्रशिक्षणातही त्यांचा वाटा पहिला असावा.

या पुराव्याचा निवाडा स्पष्ट आहे. साक्षरतेसाठी एक सामाईक ऑनलाइन अभ्यासक्रम पुरेसा आहे. त्यापलीकडच्या प्रत्येक कार्यशाळेला तीन अटी असाव्यात: सहभागीचा स्वतःचा प्रश्न, काम संपेपर्यंत नेमून दिलेला मार्गदर्शक, आणि वर्षभराने जाहीर केलेला हिशोब. भारतीय वैद्यक परिषदेची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बढतीच्या नियमांत प्रमाणपत्राऐवजी पूर्ण झालेल्या कामाला वजन द्यावे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने वैद्यकाबरोबरच दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या आणि भौतिकोपचार अशा आपल्या साऱ्या शाखांसाठी प्रबंधाशी जोडलेली टप्प्याटप्प्याची सत्रे आखावीत. आणि कार्यशाळा भरवणाऱ्या अध्यापकांनी, कोणाच्या आदेशाची वाट न पाहता, मागच्या वर्षीच्या सहभागींना आजच पत्र पाठवून विचारावे: तुमचा प्रस्ताव कुठवर आला, कुठे अडला, आणि आम्ही काय मदत करू? येणाऱ्या उत्तरांवरून पुढची कार्यशाळा आखावी. ज्या रुग्णांनी विश्वासाने आपली माहिती आपल्या हाती दिली, त्यांच्या प्रती आपले एवढे कर्तव्य तर नक्कीच आहे.